अंगठ्या काढा

मलकापूरच्या त्या वृद्धाश्रमाच्या दारात एक मावशी बसायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. धाकट्या भावानं मला न विचारता आईला तिथं ठेवलं होतं, त्यामुळं मी दारात पोचायचो तोच रागानं.

मावशी स्टुलावरून उठायच्या, माझी बोटं स्वतःच्या तळव्यावर घ्यायच्या आणि भेंडी निवडावी तशी उलटसुलट बघायच्या.

"अंगठ्या काढा. खाली घाण ऱ्हाती."

मी गुळाचा व्यापारी. घासाघीस केल्याशिवाय मला चैन पडत नाही. एकदा म्हटलं, "उजवा हात धुतो, डावा खिशात ठेवतो. झालं?"

"आवं, आईला एका हातानं भेटणार व्हय?"

"मी तिचा पोरगा हाय, साथीचा रोग न्हवं!" मी ओरडलो.

"मागं जुलाबाची साथ आली तवा बी समद्यांची पोरंच भेटाय आलती," असं म्हणत त्यांनी साबण माझ्या हातात ठेवला. "तुमच्या आई लय अशक्त झाल्यात. आता आणखी सोसायचं न्हाई त्यास्नी."

मी अंगठ्या काढल्या आणि नखांपर्यंत हात घासले.

आई कित्येक महिने मला ओळखत नव्हती. त्या दिवशी तिनं माझा ओला हात नाकाशी नेला. "हात धुतलास न्हवं? बस, वाढते," ती म्हणाली.

मावशींना सांगावं म्हणून मी वळलो. दारात कुणी साहेब त्यांच्याशी हुज्जत घालत होते.

"काढा की वो अंगठ्या," मी आतूनच ओरडलो, "हितं घासाघीस चालत न्हाई!"