चिंचेच्या गुत्त्यातलं शेवटचं कलम

शब्द पाळण्यात आमच्या शेजारच्या अप्पांची बरोबरी करणारा माणूस अख्ख्या भालकी तालुक्यात नव्हता, आणि त्याच शब्दांपायी दुसऱ्याचा जीव खाणाराही नव्हता. अप्पा गुत्तेदार होते. म्हणजे गावोगावची चिंचेची झाडं हंगामापुरती मालकाकडून घ्यायची, चिंच झोडपून उतरवायची आणि बाजारात न्यायची. बाकीचे गुत्तेदार आधी झाडाकडं वर बघत, अप्पा आधी मालकाच्या घरात डोकावत. एका झाडाखाली म्हैस बांधलेली, तर काठी लावण्याआधी ती लांब नेऊन बांधीन, असा शब्द. दुसऱ्यावर मोहोळ, तर तेवढी फांदी सोडीन, असा शब्द. आपोआप गळालेली चिंच तर सगळीकडं पोरांचीच.

गुडघे गेल्यावर अप्पांनी एकेक गुत्ता दुसऱ्याच्या नावावर करायला घेतला. नुसतं झाड देऊन ते मोकळे झाले असते. पण नव्या माणसाला मालकासमोर उभं करायचं, सगळे शब्द त्याच्या तोंडून वदवून घ्यायचे आणि मग ते स्टँप पेपरवर उतरवायचे, हा त्यांचा हट्ट. लिहून लिहून बोटं दुखलेला दस्तलेखक एकदा वैतागला, "अप्पा, चिंचेचा करार करायलाव का सोयरीक?"

"सोयरीकच की," अप्पा म्हणाले. "पोरीला काय लागतंय ते सांगूनच धाडावं लागतंय."

शेवटी खटकचिंचोळीच्या अक्कांचं एक झाड उरलं. अप्पा कायमचे हैदराबादला लेकीकडं निघाले होते आणि त्यांच्या अटींवर ते झाड घ्यायला कुणी तयार होईना. "मास्तर, तुमी घ्या," ते मला म्हणाले. झाडाचं सोडा, मला स्टुलावर चढलं तरी भोवळ येते. पण अप्पांना नाही म्हणणं त्याहून अवघड. घरात एकट्याच राहणाऱ्या अक्कांसमोर बसून त्यांनी कागद वाचून दाखवला. चिंच उतरली की गुत्तेदारानं दुपारभर झाडाखाली बसून अक्कांशी बोलावं, हे शेवटचं कलम. अक्कांनी तोवर सगळ्याला मान हलवली होती. इथं मात्र पदर सारखा करत म्हणाल्या, "झाड द्या मास्तरला. बोलायचं न्हाई देता येत. ते तुमचं हाय."

अप्पांनी माझ्या खिशातला पेन काढून ती ओळ खोडली, आणि पुढच्या आठवड्यात ते हैदराबादला गेले.

त्याला तीन हंगाम झाले. माणसं लावून मी चिंच उतरवतो, कागदातलं सगळं पाळतो, अक्कांनी दिलेला चहा पितो आणि निघतो. भालकीत शेजारच्या दाराला कुलूप आहे. माझा जीव खायला आता कुणी नाही, आणि याचंच मला फार वाईट वाटतं.

यंदा अक्का आणि मी झाडाखाली असतानाच अप्पांचा फोन आला. फांदीन् फांदीची चौकशी चालली होती. मला काय वाटलं कोण जाणे, मी फोन अक्कांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरला. मग हळूच विचारलं, "कवा यायलाव?"

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तीन वर्षं मलाही अप्पांना तेवढंच विचारायचं होतं.