दोन क्लच आणि एक गुडघा

आमच्या ह्यांची सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्स जोडण्यात गेली. लग्नाला गेल्यावर लोक जेवणाला नावं ठेवतात, हे आम्हाला नेणाऱ्या गाडीच्या गिअरला ठेवायचे. रस्त्यात कुणी कचकन गिअर टाकला की घासात खडा लागावा तसा ह्यांचा चेहरा व्हायचा. अशा माणसाचा नेमका डावा गुडघा कामातून जावा, याला काय म्हणायचं! डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, क्लच दाबणं बंद. तेव्हापासून गाडी चिखलीच्या आमच्या सोसायटीत कव्हर घालून उभी, आणि हे गॅलरीत बसून तिच्याकडे बघत. कुठं जायचं म्हटलं की एकच उत्तर, "तू जाऊन ये." मला गाडीचं काही पडलं नव्हतं. मला घराबाहेर पडणारा माझा नवरा परत हवा होता. म्हणून ऑटोमॅटिक घ्यायचा हट्ट मीच धरला.

"ऑटोमॅटिक म्हंजे ड्रायव्हरला पेन्शन," असं म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. मग तयार झाले ते एका अटीवर, घ्यायची तर दोन क्लचवाली. का, तेही मला जेवताना समजावलं. "कंपनीत कसं, पुढच्या पाळीचा आपला रिलिव्हर शेजारी येऊन उभा राहिल्याशिवाय आपण मशीन सोडत न्हाई. मशीन थांबतच न्हाई. तसं हाय हे. एक क्लच तिसरा गिअर चालवतोय, तवर दुसऱ्यानं चौथा तयार ठेवलेला." दुसरा प्रकार जुना, टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिनाचा जोर तेलातून पुढे जातो. त्याच्याबद्दल ह्यांचं मत एका वाक्याचं होतं. "तेलात लोळणारी म्हैस हाय ती."

"म्हैस तर म्हैस, दूध तरी देते," मी म्हणाले.

शोरूममधून आधी दोन क्लचवाली चालवायला घेतली. मागच्या सीटवर शोरूमची मुलगी, पुढे आम्ही दोघं. आमचं सगळं जाणं-येणं चाकणकडेच, म्हणून मी गाडी तिकडेच घ्यायला लावली. मोशीच्या पुढे जरा मोकळा रस्ता मिळाला आणि हे खुलले.

"कळलं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तेच तर! गिअर बदलला आन् कळलंच न्हाई."

किती दिवसांनी असे हसले. हीच घेऊन टाका, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण पुढे शिफ्ट सुटलेली, कंपन्यांच्या बसगाड्या आणि कंटेनर एकमेकांना चिकटून उभे. गाडी वीतभर सरकायची आणि थांबायची, आणि दर वेळी तिला बारीकसा धक्का बसायचा. धक्का बसला की क्लच दाबायचा, हे ह्यांच्या पायात मुरलेलं. डावा पाय उठला आणि क्लच समजून जोरात ब्रेकवर पडला. आम्ही तिघंही पुढे आदळलो. मागून रिक्षावाला ओरडला, "ओ काका, झोपलात का राव?" थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. ह्यांनी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि किल्ली मागे त्या मुलीच्या हातात दिली.

"मला न्हाई जमायचं आता. तुमीच न्या परत."

गाडीच्या बाबतीत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना भांडून पुन्हा शोरूमला नेलं. आधी रडून पाहिलं होतं, पण भांडणाचा उपयोग जास्त झाला. या वेळी म्हैस. तीच मुलगी मागे, तोच रस्ता. मोशीपर्यंत "सुस्त हाय, लई सुस्त हाय" असा जप चालला होता. मग कालच्याच गर्दीत अडकलो. ब्रेकवरचा पाय उचलला की ही गाडी अलगद सरकायची, थांबताना अलगद थांबायची. तरी जुनी सवय ती. त्यांचा डावा गुडघा वर यायला लागलेला मला दिसला. मी विचारबिचार काही केला नाही, सरळ उजवा हात त्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला.

आम्ही काही चारचौघांत एकमेकांना हात लावणारी माणसं नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्या मध्ये अजून एक पाहुणा मावेल. शोरूमची मुलगी शहाणी, खिडकीबाहेर बघत बसली. गुडघा उचलायचा, मी दाबायची. कंटेनर हलला की आम्ही हलायचो. हळूहळू हाताखालचा गुडघा सैल पडला. चाकण चौक येईपर्यंत हे पुढच्या बसवाल्याच्या गिअर टाकण्याला नावं ठेवायला लागले होते.

"हीच घेऊ," ते म्हणाले.

"म्हैस?"

"व्हय. जीव त्या दुसरीवर हाय माझा. पण हिच्यात पाय घाबरत न्हाई."

गर्दी सुटली, रस्ता मोकळा झाला. मला एकदम लाज वाटली.

"आता काढू का हात?" मी हळूच विचारलं.

ते समोर बघत गाडी चालवत राहिले. "राहू दे की," म्हणाले.