सापडत नाही म्हणजे काय?

आमच्या थोरल्या साडूंइतका चिवट माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. फोनवर 'पेज नॉट फाउंड' आलं की तुम्ही-आम्ही मनातल्या मनात दोन शब्द हासडतो आणि दुसरं काहीतरी बघायला लागतो. साडूंच्या अंगात मात्र तेवढ्यानं वारं भरतं. "सापडत नाही म्हणजे काय? काल होतं ना? मग गेलं कुठं?" असं म्हणून ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात. त्यानंतर घरात पाहुणे येवोत की दूध उतू जावो, त्यांना सुगावा लागत नाही.

उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात काढला. त्यामुळे वेबसाइटचा पत्ता ते वाचत नाहीत, तपासतात. एकेका अक्षरावर बोट ठेवून, मोठ्यानं. टिंब, आडवी रेघ, तिरकी रेघ, पुन्हा टिंब. आमच्या घरी एकदा हे चाललेलं असताना कामाच्या मावशी झाडू बाजूला ठेवून हात जोडून उभ्या राहिल्या होत्या. त्यांना वाटलं, कसलं तरी स्तोत्र आहे. अक्षरं बरोबर निघाली, तर साडू पत्त्याची शेपटी उजवीकडून छाटायला घेतात. एक तुकडा काढून बघायचं, मग आणखी एक, असं करत वेबसाइटच्या पहिल्या पानावर पोचायचं आणि तिथून आत शोधत जायचं. तेही जमलं नाही, तर ब्राउझरमध्ये साठलेला जुना गाळ उपसतात आणि शेवटी दुसऱ्याचा फोन मागतात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी थेट व्याह्यांचा फोन मागून घेतला. व्याही बिचारे कौतुकानं फोटो दाखवायला लागले.

बरं, पान स्वतःच्या उपयोगाचं असायला हवं असंही नाही. कुठल्याशा लांबच्या गावच्या वाचनालयाचं पान उघडेना, म्हणून यांनी तिथल्या चिटणिसांना 'महोदय'पासून 'कळावे'पर्यंत रीतसर ईमेल धाडली. उत्तर आलं नाही, पण आठवड्यानं पान उघडलं. त्या आनंदात त्यांनी आम्हा सगळ्यांना मिसळ खायला घातली.

या वेडाला मी हसत असे. पण गेल्या वर्षी दिंडोरीला एका लग्नात आम्ही जेवायला बसलो होतो. शेजारी एक द्राक्षबागाईतदार होते, आणि त्यांची मुलगी पानावरचं काही न खाता फोन चोळत बसली होती. डोळे भरलेले. साडूंनी चौकशी केली. तिला शेतकी कॉलेजात जागा मिळाली होती, ती पक्की करायचा तो शेवटचा दिवस, आणि सरांनी पाठवलेल्या लिंकवर पान सापडत नव्हतं. वडील म्हणाले, "सकाळपासून लय खटपट केली, काका. कायबी होत नाय. पोरीचं वर्ष जातंय बघा."

साडूंनी जिलबी तशीच ठेवली, हात धुतले आणि फोन हातात घेऊन नेहमीचं पठण सुरू केलं. शेवटाशी येऊन ते थांबले. सरांनी निरोपात पत्ता लिहून त्याला चिकटूनच 'वर' लिहिलं होतं, म्हणजे 'अमक्या पत्त्यावर जा'. तो 'वर'ही पत्त्याचाच भाग झाला होता.

"तुझ्या सरांचं मराठी चोख आहे," साडू तिला म्हणाले. "शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं असतं. पण ब्राउझर मराठी शाळेत गेलेला नाही."

त्यांनी 'वर' खोडला आणि पान उघडलं. मुलीनं तिथंच बसून अर्ज भरला. जाताना तिच्या वडिलांनी आमच्या गाडीत द्राक्षांच्या दोन पेट्या ठेवल्या. साडू नको नको म्हणत राहिले आणि नाशिक येईपर्यंत खात राहिले.

एकच पान त्यांना दाद देत नव्हतं. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे साडूंची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. ताईंनी पूर्वी बायकांच्या एका वेबसाइटवर संसाराविषयी छोटासा लेख लिहिला होता. पुढे ती वेबसाइटच बंद पडली. साडूंनी सगळे उपाय केले, जुन्या संपादिकेला पत्रंही लिहिली; ती पत्रं न उघडताच परत आली. मग त्यांना कुठूनसं कळलं, की बंद पडलेल्या पानांच्या प्रतीही इंटरनेटवर कुणीतरी जपून ठेवतं. तिथं ते कित्येक दिवस शोधत होते.

मागच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला, "जरा या." मी गेलो. पान उघडं होतं. चित्रांच्या जागी नुसते रिकामे चौकोन होते, पण लेख शाबूत होता. साडू म्हणाले, "मी अजून वाचलेला नाही. तुम्ही वाचा, मोठ्यानं."

मी वाचू लागलो. मध्येच एक वाक्य आलं: 'आमच्या ह्यांना छापील पानातली मुंगीएवढी चूक दिसते, पण स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडत नाही.'

साडू हसले. बराच वेळ हसले, मग चष्मा काढून पुसत राहिले.

"काहीतरीच लिहायची," ते म्हणाले. "बसा, चहा टाकतो."

ते आत गेले. स्वयंपाकघरातून एकामागून एक डब्यांची झाकणं उघडल्याचे आवाज येत राहिले. मी मदतीला उठलो नाही.