पांढऱ्या गाडीतला लाल डाग

ती घटना आठवली की आजही मला आधी कपडे धुण्याच्या साबणाचा वास येतो, मग हसू येतं आणि पाठोपाठ छातीत तीच धडधड सुरू होते, जी त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थांबली नव्हती. घरात चार नातेवाईक जमले की ही हकिगत मी सांगायला बसतो. स्वतःला जरा जास्त हुशार दाखवायला लागलो की आतून बायको भांडं आपटते. त्यामुळे खरं तेच सांगायची सवय लागली आहे. नावं मात्र कोणाचीच देणार नाही.

त्या वेळी मी अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास अंबरनाथहून बदलापूरकडे येणाऱ्या रस्त्यावर एका पांढऱ्या गाडीने सायकलवरच्या वॉचमनला उडवलं होतं. शिरगावातल्या एका नव्या सोसायटीत ड्युटीला निघालेला माणूस. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला मार, बेशुद्ध. गाडी थांबली नाही. नंबर कोणी पाहिला नाही. जागेवर हेडलाइटच्या काचेचे तुकडे मिळाले, तेवढाच मुद्देमाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता एक तरुण ठाण्यात आला. वय पंचवीस-सव्वीस, डोळे तांबारलेले. हरवलेल्या मार्कशीटचा दाखला हवा होता. अर्ज लिहून दिला, हवालदारांनी बसायला सांगितलं, तर हा माझ्या टेबलापाशी आला.

"साहेब, एक विचारायचं होतं. म्हणजे माझं नाय. माझ्या मित्राचा एक मित्र आहे."

"बोला."

"त्याच्या दोस्ताने एक लफडं केलंय. मुद्दाम नाय केलं. ह्याला माहितीये. तर ह्याने सांगायलाच पाहिजे का?"

कुठल्याही बऱ्या अधिकाऱ्याने इथे खुर्ची पुढे केली असती, चहा मागवला असता. मी भाषण केलं. नागरिकाचं कर्तव्य, कायदा, माहिती लपवणारा कसा गुन्हेगाराइतकाच दोषी ठरतो, सगळं. दोन कलमं तर मी चुकीची सांगितली. तो ऐकता ऐकता पांढराफटक पडला आणि "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून निघून गेला. मी समाधानाने बिस्किट खाल्लं.

दहा मिनिटांनी हवालदार म्हणाले, "साहेब, तो दाखला न घेताच गेला."

"असेल घाई."

"दाखल्याला आलेला माणूस शिक्का मारून घेतल्याशिवाय हलत नाय, साहेब. सही झाली तरी शिक्क्यासाठी बसतो."

हे हवालदार याच भागातल्या आगरी शेतकरी घरातले. बोलायचे कमी, पण बोलले की माझं बिस्किट घशात अडकायचं. अर्ज टेबलावरच होता. त्यावर नाव, गाव, पत्ता. आम्ही जीप काढली.

घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पांढरी गाडी उभी होती. डावा हेडलाइट फुटलेला. आतून साबणाच्या पावडरचा भपकारा. सीट अजून ओली होती, आणि स्टीअरिंगच्या कव्हरवर, सीटच्या पाठीवर लाल लाल डाग.

"रक्त," मी दोन्ही पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो. पंच म्हणजे शेजारचा किराणावाला आणि त्याचा मेहुणा. दोघांनी माना डोलावल्या. पंचनामा झाला, प्रयोगशाळेला पाठवायची पाकिटं तयार झाली आणि तरुणाला घेऊन आम्ही ठाण्यात आलो.

"गाडी कोणाची?"

"माझी."

"काल चालवत कोण होतं?"

त्याने पंख्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मीच."

"सायकलवाला कुठल्या बाजूला पडला?"

"डावीकडे… नाय, उजवीकडे."

"सायकलला मागे काय बांधलं होतं?"

"ते नाय बघितलं."

नव्याने भरती झालेल्या शिपायालाही शंका आली असती. मला आली नाही. माझा सिद्धांत तयार होता. धडक बसली, याचं नाक स्टीअरिंगवर आपटलं, रक्त उडालं. हवालदारांनी त्याच्या नाकाकडे दोनदा निरखून पाहिलं. नाक अगदी ठणठणीत होतं. पण साहेबांना कोण सांगणार? मी उद्याच्या वर्तमानपत्राचा विचार करत जेवायला घरी गेलो.

घर ठाण्यामागच्या वसाहतीतच होतं. भाकरी मोडता मोडता मी बायकोला सगळं सांगितलं. ऐन रंगात आलो होतो.

"धुतल्यावर लाल झालं म्हणता?" ती म्हणाली.

"लालभडक."

"अहो, रक्त धुतलं तर फिकटतं. ती हळद आहे."

मी हसलो. ती उठली, भाजीचा पिवळा हात पुसलेलं फडकं घेतलं, ओलं केलं, त्यावर कपड्यांचा साबण घासला. माझ्या डोळ्यांसमोर पिवळा डाग लाल झाला.

"आपल्या हळदीतलं तुमचं पांढरं बनियन सासूबाईंनी असंच साबणाने धुतलं होतं. सगळ्यांना वाटलं, नवऱ्यामुलाला काय लागलं! पंचवीस वर्षं झाली, तुमच्या लक्षात कशाला राहील?"

भाकरी तशीच टाकून मी ठाण्याकडे अक्षरशः पळालो.

"हवालदार, याच्या गावात लग्न आहे का कोणाचं?"

"आज संध्याकाळी सहाचा मुहूर्त आहे, साहेब. नवरदेव ह्याचाच दोस्त. बालवाडीपासून एकत्र. काल सकाळी हळद झाली."

"मग तोच."

हवालदारांनी मान हलवली. "आमच्यात हळद लागलेला नवरा गावच्या येशीबाहेर जात नाय. अंगणात निघाला तरी हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू, नि सोबत माणूस. सगळा गाव शपथ घेऊन सांगेल की नवरा घरातच होता. आणि खोटं नाय बोलणार कोण. सगळ्यांना तसंच वाटतंय."

इथे मला पंचनामा आठवला. सीटखाली सापडलेली एक चिठ्ठी मी 'एक गुलाबी कागद' म्हणून नोंदवून टाकली होती. आता ती वाचली. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका टेलरची, कोटाच्या शिलाईची पावती होती. अडीच वाजले होते. जीप काढली.

टेलर सिंधी गृहस्थ, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. प्रश्न पुरा व्हायच्या आतच त्यांनी टाचण्या काढल्या.

"हां साईं, आया था दूल्हा, कल साढ़े तीन बजे. कोट बगल में टाइट था. पूरा पीला! मैं बोला, बाबा, दूर से ट्रायल करो, मेरा बाकी माल खराब हो जाएगा."

"सोबत कोण होतं?"

"अकेला. बोला, घर में किसी को पता नहीं."

परतताना मी सीटवर पुढे सरकून बसलो होतो, जणू त्याने जीप जास्त वेगाने पळणार होती. पण एक गोष्ट अजून हातात नव्हती. नवरदेव उल्हासनगरला गेला होता हे टेलर सांगेल. गाडी त्यानेच चालवली, हे फक्त चावी देणारा सांगू शकत होता. आणि चावी देणाऱ्याने तर गुन्हा स्वतःवर घेतला होता. तो असाच अडून बसला असता, तर त्याच्यावरच खटला उभा राहिला असता. खरा चालक सहा वाजता बोहल्यावर चढला असता.

मी त्याच्यासमोर बसलो. या वेळी चहा मागवला.

"टेलर भेटला. म्हणाला, नवरदेव पूर्ण पिवळा होता."

त्याने मान खाली घातली.

"सगळं कळलंय तर माझ्या तोंडून कशाला पाहिजे, साहेब?"

"तू सकाळी इथे कशाला आला होतास?"

चहाचा कप बाजूला सारून तो बोलायला लागला. काल चावी त्यानेच दिली होती. नवरदेव गाडी घेऊन परत आला, म्हणाला, कोणाला तरी उडवलंय, जिवंत आहे का बघ. हा हॉस्पिटलात गेला. तिथे बाकावर वॉचमनची बायको नवऱ्याच्या चपला पिशवीत घेऊन बसली होती. दर थोड्या वेळाने पिशवी उघडून बघायची. "घरी येऊन मी गाडी धुतली, साहेब. धुताना सीट लाल व्हायला लागली. मला वाटलं, त्या माणसाचंच रक्त आहे. मी रात्रभर ते घासत होतो."

म्हणजे हळदीला रक्त समजणारा मी एकटाच नव्हतो. का कोण जाणे, मला तो त्या क्षणी फार जवळचा वाटला.

"सांगतो मी," तो म्हणाला. "पण आधी त्याला तोंडावर सांगू द्या. त्याच्या पाठीमागे नाय सांगणार."

आरोपी ठरू पाहणाऱ्याला खऱ्या आरोपीकडे घेऊन जायचं, हे कुठल्याही नियमात बसत नाही. साडेचार वाजले होते. मी टोपी काढून जीपमध्ये ठेवली आणि निघालो.

मंडपात डीजे दणाणत होता. नवरदेव आतल्या खोलीत होता, कोट घातलेला, कपाळाला मुंडावळ्या. मित्राला बघून हसला, मागे मला बघून थांबला.

"मी साहेबांना सांगतोय," मित्र म्हणाला. "तू येतोस, की मी एकटा जाऊ?"

"आज? आजचाच दिवस भेटला तुला? दोन तास थांबला असतास तर काय झालं असतं?"

"त्या माणसाने अजून डोळे नाय उघडले."

"तू दोस्त आहेस की कोण आहेस रे?"

"दोस्त आहे म्हणून आधी तुझ्याकडे आलो. नायतर तिकडेच लिहून दिलं असतं."

तेवढ्यात नवरदेवाची आई दारात आली. हातात ओवाळणीचं ताट. "काय झाला? कं नेताव माझे पोराला? साहेब, हलदीचा नवरा येशीभायेर जात नाय. लगीन लागू द्या, मंग काय ते बघा."

मी तोंड उघडणार, त्याआधी मित्र म्हणाला, "काकी, काल गेला व्हता."

बाहेर डीजे वाजत होता, तरी ते चार शब्द घरभर ऐकू गेले. आईने मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिने ताट खाली ठेवलं, कोपऱ्यातली कट्यार उचलली, टोकावरचं सुकलेलं लिंबू काढून ताजं खोचलं आणि मुलाच्या हातात दिली.

"जा. काय केलास ते सांग. नि सोबतीला ह्यालाच ने." तिने मित्राकडे बोट दाखवलं.

शस्त्र घेऊन ठाण्यात हजर झालेला माझ्या नोकरीतला हा एकमेव आरोपी. कट्यार लिंबासकट टेबलावर ठेवून घेतली आणि जबाब सुरू केला. नवरदेवाने सगळं सांगितलं. मित्राचा जबाब साक्षीदार म्हणून घेतला. गाडी धुतल्याबद्दल मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरिष्ठ नंतर मला जे बोलले तेही नाही.

गुन्हा जामीनपात्र होता. ठाण्यातच जामीन मिळणार होता आणि लग्नही लागणार होतं. ज्या भीतीने दोघं रात्रभर जळत होते, ती माझ्या एका वाक्याने सकाळी दहा वाजता निम्मी झाली असती. तेव्हा मी कलमं सुनावत बसलो होतो. भ्यालेल्या माणसाला पुढे काय होणार हे साध्या शब्दांत सांगायचं असतं, हे या प्रकरणाने मला शिकवलं. पण खरी शिकवणी पुढेच होती.

जामिनाला जामीनदार लागतो. मंडपातून आठ-दहा काका-मामा जीपमागे गाड्या काढून आले होते आणि आवारात आवाज चढवून उभे होते. मी बाहेर येऊन म्हटलं, "एकाने कागदपत्रं घेऊन पुढे या, सही करायची आहे." आवाज एकदम उतरला. कोणाचं आधार कार्ड घरी, कोणाचा सातबारा भावाच्या नावावर. घड्याळात पावणेसहा.

मित्र पुढे आला. "मी करतो सही."

"साक्षीदाराला जामीनदार कसा घेऊ? तूच त्याच्या विरुद्ध जबाब दिलायस."

तो हवालदारांकडे वळला. हवालदारांची मोटारसायकल मागितली आणि गेला. पंचवीस मिनिटांनी मागे स्वतःच्या बापाला बसवून परत आला. बापाच्या अंगावर लग्नाचा नवा सदरा, बगलेत कागदांची प्लास्टिकची पिशवी. मी दाखवली तिथे त्यांनी सही केली, काही विचारलं नाही. नवरदेव तेव्हा पहिल्यांदा रडला.

लग्न आठ वाजता लागलं. वॉचमनला तिसऱ्या दिवशी शुद्ध आली आणि लंगडत का होईना, तो पुढे कामावर रुजू झाला. खटल्यात नवरदेवाने गुन्हा कबूल केला.

मित्राचं नाव सांगितलं म्हणजे मैत्री संपली, असंच मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. खबऱ्यांच्या धंद्यात तसंच दिसतं. म्हणून त्या लग्नाच्या संध्याकाळी काम नसतानाही जीप मंडपावरून घेतली. मित्र आत गेला नव्हता. कोणी बोलावलं नसेल, किंवा त्याचंच मन झालं नसेल. तो रस्त्यावर उभा राहून पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. "अजून मागे, अजून… बस," असं म्हणत. मीही जीप त्याने दाखवली तिथे लावली.