मनगटावरचा वळ

पोलिसाच्या नोकरीत मेलेली माणसं पाहायची सवय होते, तशी मलाही झाली होती. तरी अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या म्हाताऱ्या शिंप्याचं प्रकरण मनात आलं की जेवता जेवता हात थांबतो. आता निवृत्त होऊन अमरावतीत राहतो. त्या कुटुंबातली माणसं अजून तिथेच आहेत, म्हणून नावं सांगत नाही.

मी तेव्हा ठाणेदार होतो. मोर्णा नदीला पूर आला होता आणि काठावरची वस्ती आम्ही आदल्या दिवशीच उंचावरच्या एका शाळेत हलवली होती. सकाळी पाणी उतरलं आणि खबर आली की एका घरात मृतदेह आहे. गेलो तर मातीच्या दोन भिंती बसलेल्या, शिलाई मशीन चिखलात आडवी पडलेली, आणि खिडकीखाली म्हातारा. ऑटो चालवणारा त्याचा मुलगा बाजूला उभा होता.

"बाबा मशीन पाहाले म्हनून शाळेतून निघून आले," तो म्हणाला. "आमाले समजलंच नाही."

पुरात असं होतं. माणसं सामानासाठी परत जातात आणि अडकतात. मी मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल केला, पंचनामा उरकला आणि प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. ठाण्यातला प्रत्येक शिपाई दोन दिवस पाण्यात होता. शंका घ्यायला कुणाला फुरसत नव्हती आणि मला तसं कारणही दिसलं नाही.

दुपारी बाळापूरहून म्हाताऱ्याची मुलगी आली. रस्ता बंद होता म्हणून उशीर झाला, असं म्हणाली. ती रडत नव्हती. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"साहेब, माह्या बापाले धरल्याशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती. काल शाळेतून माह्याशी फोनवर बोलले. छातीत दुखून राहिलं म्हनत होते. ते कंबरभर पान्यातून घरी कसे गेले, ते माह्या भावाले पुसा."

तिचा जबाब चालू असतानाच डॉक्टरांचा फोन आला. फुफ्फुसात पाणी नाही, श्वासनलिकेत गाळ नाही. म्हणजे माणूस पाण्यात जाण्याआधीच मेलेला होता. अंगावर मार नव्हता, पण उजव्या मनगटावर वळ होता. रुंद आणि मऊ, कापड बांधल्यासारखा.

मी फोन ठेवला. समोर मुलगी उभी होती आणि माझ्या डोक्यात एकच चित्र उभं राहिलं: आजारी बाप, बांधलेला हात आणि खोटं बोलणारा मुलगा.

शाळेत माणूस पाठवला. तिथल्या लोकांनी सांगितलं, म्हाताऱ्याला त्रास झाला तेव्हा मुलगा त्याला दवाखान्यात नेतो म्हणून ऑटोत घालून घेऊन गेला होता. दवाखान्यात मात्र तो पोचलाच नव्हता.

मुलाला ठाण्यात आणलं. माझा अनुभव असा की खून केलेला माणूस सुरुवातीला फार बोलतो. आपण कुठे होतो, कुणाबरोबर होतो, न विचारता सांगतो. हा बोलतच नव्हता. पाणी दिलं, प्यायला नाही. शेवटी मी म्हणालो, "तुझ्या बहिणीचा तुझ्यावर संशय आहे." तेव्हा त्याने मान वर केली.

"लिहा साहेब. मीच केलं."

"काय केलंस?"

"तुमी म्हनान ते."

"हात कशाने बांधला?"

"दोरीनं."

वळ कापडाचा होता. खोटी कबुली मी आधीही ऐकली होती. माणूस ती देतो ती कुणाला तरी वाचवायला. याच्या घरात वाचवण्यासारखं कोण होतं? मी महिला शिपायाला शाळेत पाठवून त्याच्या आईला बोलावून घेतलं.

म्हातारी आली. लहानखुरी होती, कपाळ मोकळं, लुगड्याचा पदर एका बाजूने फाडलेला. मुलाला पाहून ती मला म्हणाली, "त्याले सोडा. त्याले म्या सांगतलं होतं."

मग तिने जे सांगितलं ते मी तिच्याच शब्दांत लिहून घेतलं होतं.

"ऑटोतच गेला तो. दवाखाना यायच्या आधीच. मुंडी माह्या खांद्यावर पडली. पोरगा म्हने शाळेत परत नेऊ. म्या म्हनलं, थांब. शाळेत लोकं बोलून राहिले होते, पुरात मेला त सरकार पैसे देते. बिमारीनं मेला त कोन देते? घर त गेलंच होतं. म्या म्हनलं, याले घरी ने."

"घरी म्हणजे पाण्यात?"

"हो."

वस्ती रिकामी होती. मुलाने बापाला खांद्यावर घेतलं आणि दोघं कंबरभर पाण्यातून घरापर्यंत गेली. त्याला खिडकीखाली ठेवलं.

"मग हात कोणी बांधला?" मी विचारलं.

"म्या बांधला. पदर फाडला अन् खिडकीच्या गजाले बांधला. पान्याले ओढ होती साहेब. वाहून गेला असता त कुठी सापडला असता? सकाळी सोडला." तिने फाटक्या पदरावरून हात फिरवला. "लय भेत होता पान्याले. नदीवर कधी आंघोळीले नाही उतरला."

महिला शिपायाने लिहिणं थांबवलं होतं. मीही तिला पुढे लिही म्हटलं नाही. दारात मुलगी उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती आईकडे पाहत होती, जशी अनोळखी बाईकडे पाहावं तशी.

मी विचारू नये ते विचारलं. "आजी, तुम्हाला असं करवलं कसं?"

"त्या घराची एक एक भित त्यानं जिता असताना बांधली. म्हनलं, मेल्यावर अजून एकदा बांधू दे."

मी मुलाला विचारलं, घराचा विमा वगैरे काही? तो म्हणाला, गेल्या वर्षी चौकशी केली होती. भिंती मातीच्या, जागेचा कागद नाही, म्हणून विमावाले नाही म्हणाले. चौकातल्या दुकानदाराचा विमा होता. त्याच्याकडे पाणी उतरताच पाहणी करणारा माणूस येऊन फोटो काढून गेला.

खुनाचा संशय मिटला. अंतिम अहवालात हृदयविकार आला. पण सरकारी नोकराला खोटी माहिती दिली हे खरंच होतं आणि मी ते सोडलं नाही. दोघांवर गुन्हा दाखल केला. दया वाटते म्हणून कायदा बाजूला ठेवायचा अधिकार ठाणेदाराला नसतो, असं मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

पुढे महसूल खात्यातल्या एका मित्राशी यावरून माझा वाद झाला. तो म्हणाला, "विमा न काढणाऱ्याला सरकारी पैशाने उभं करत राहिलो, तर जो पदरचे पैसे भरून विमा काढतो तो मूर्खच ठरतो." त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पण माझ्या अमरावतीच्या घराचा विमा आहे तो कर्ज देताना बँकेने काढायला लावला म्हणून. मी आपणहून कधीच काढला नसता. त्या शिंप्याच्या मुलाने तर आपणहून विचारलं होतं, आणि त्याला दारातूनच परत पाठवलं गेलं. ज्याला विमा मिळतच नाही त्याला विमा का नाही म्हणून जाब विचारणं मला पटत नाही. अशा घराला सरकारी तिजोरीतून मदत द्यावी, आणि ती घरातली माणसं जिवंत असताना द्यावी, असं माझं मत आहे. मेलेल्या माणसाची किंमत जिवंत माणसाच्या घरापेक्षा जास्त ठरवली की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

खटला उभा राहिला तेव्हा दोघांनी गुन्हा कबूल केला. कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा झाली. बाळापूरची मुलगी डबा घेऊन आली आणि आईशेजारी बाकावर बसली. भावाशी बोलली नाही. भावानेही तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी कोर्ट उठलं. व्हरांड्यात म्हातारी माझ्याजवळ आली.

"साहेब, एक पुसू काय? तो पान्यात मेला असं आमी सांगतलंच नसतं, त त्या घराचं काही भेटलं असतं काय?"

तिच्या घराच्या मदतीचं काय झालं ते मला माहीत होतं. जागेचा कागद नव्हता म्हणून ते प्रकरण अजून पडून होतं. तिला धीर देणारं काहीतरी बोलता आलं असतं.

"नाही, आजी," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पदर सारखा केला आणि मुलीचा हात धरून पायऱ्या उतरायला लागली.