गुणिले दोन, अधिक एक मंडई

लोकांना वाटतं, मोबाइलचं ॲप बनवणं म्हणजे सगळा कॉम्प्युटरचा खेळ. कॉम्प्युटर बिचारा सांगितलं तेवढंच करतो हो! किस्से घडतात ते "किती दिवस?" आणि "किती पैसे?" या दोन प्रश्नांवर. आमच्या भंडाऱ्याच्या ऑफिसात हे प्रश्न रोज येतात, त्यामुळे बारा वर्षांत इतके किस्से साचलेत की कुणी चहाला बसलं की एखादा आपोआप बाहेर पडतो.

ऑफिस विनूभाऊंचं. कोड ते लिहितात. कोटेशन, तारखा आणि क्लायंटशी भांडणं माझ्याकडे. सहा महिन्यांपासून मात्र विनूभाऊ घरीच खाटेवर लॅपटॉप घेऊन असतात. लिव्हरचा कॅन्सर. आडून आडून सांगायची मला सवय नाही, म्हणून सांगून टाकलं. त्यांचं एकच म्हणणं आहे, यंदाची एकोडीची मंडई पाहायची. बाकी काही मागत नाहीत.

*

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. घरोघरी पाहुणे, दिवसभर जत्रा, मग नाटक. एकोडी विनूभाऊंचं गाव. तिथल्या नाटकात वीस वर्षं पडद्यामागून प्रॉम्प्टिंग तेच करतात. त्या पंधरा दिवसांत क्लायंट फोन उचलत नाही, टेस्टिंग करणारा सापडत नाही. सगळे कुणाच्या ना कुणाच्या मंडईला गेलेले!

म्हणून विनूभाऊंचा फॉर्म्युला: आपल्याला वाटतात तेवढे दिवस, गुणिले दोन, अधिक एक मंडई.

"पण भाऊ, आत्ता तर मार्च आहे," मी पहिल्याच वर्षी म्हटलं होतं.

"धरून ठेव, बाई. प्रत्येक प्रोजेक्टमध्ये कोणती ना कोणती मंडई निघतेच."

निघाली! क्लायंटच्या साळीचं लग्न. अकरा दिवस माणूस गायब.

घरी हा फॉर्म्युला वहिनी वापरतात. विनूभाऊंनी फोनवर "अर्ध्या तासात येतो" म्हटलं की त्या तासभर भाताला हात लावत नाहीत. "तुमच्या भाऊचा टाइम मले पाठ हाय," त्या मला म्हणाल्या होत्या. "मंडई धरल्याशिवाय मी कुकर नाही लावत!"

*

साकोलीचे एक शेठ आहेत, बियाणं-औषधांचं दुकान. त्यांना ॲप हवं होतं. तेव्हा आम्ही नवे होतो, शहाणपणा करून भाव लावला स्क्रीनप्रमाणे. एका स्क्रीनचे इतके, दहा स्क्रीनचे इतके.

शेठनं कागद दोनदा वाचला. "मंग सगळं एकाच स्क्रीनवर टाका ना, मॅडम! बोटानं खाली खाली जाते ना ते!"

भाव आम्हीच लावलेला. धानाच्या बियाण्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत सगळं दुकान एका स्क्रीनवर. खाली जाता जाता अंगठा दुखायचा. वैतागून विनूभाऊंनी अगदी तळाशी एक ओळ टाकली, 'पोहोचलात! अभिनंदन!'

मला वाटलं, शेठ भडकणार. शेठचा फोन आला. "हे खालचं लय मस्त केलं भाऊनं. याचे वेगळे तर नाही ना लावले?"

*

चिखल्याकडे खाणीतल्या कामगारांची ने-आण करणारा एक बसमालक. त्याला हवं होतं की गाडी कुठवर आली ते लोकांना मोबाइलवर दिसावं. नकाशा, सर्व्हर, सगळं धरून तीन महिन्यांचा प्रोजेक्ट. फॉर्म्युल्यानं साडेसहा निघाले, मी सात सांगितले आणि सातलाच दिला.

महिनाभरानं विनूभाऊ आणि मी पाहायला गेलो. स्टॉपवर वीसेक माणसं उभी. एकानंही ॲप उघडलेलं नाही! सगळे ड्रायव्हरला फोन लावून राहिलेले.

"काहो, ॲपमध्ये गाडी दिसत नाही का?" मी विचारलं.

"दिसते ना. पण ते नुसतं गाडी दाखवते. ड्रायव्हर चहा पिऊन राहिला का, ते कुठं दाखवते?"

शेवटी नकाशाच्या डोक्यावर एक मोठं बटण टाकलं, 'ड्रायव्हरले फोन करा'. आजही तेवढंच वापरतात. सात महिन्यांचं काम आणि शेवटी एक फोन! मी परतीच्या वाटेवर बडबड करत होते. विनूभाऊ शेजारी पोट धरून बसले होते. ॲसिडिटी असेल म्हणाले. मीही विश्वास ठेवला, आणि त्याचा मला अजून राग येतो.

*

रिपोर्ट आल्यावर क्लायंट भेटायला येऊ लागले. एका हातात सफरचंदं, दुसऱ्या हातात बदलांची यादी. "भाऊ, आराम करा. फक्त तेवढं लॉगिनचं पाहून घ्या जरा!" मी चिडायचे. विनूभाऊ खूश. "येऊ दे, बाई. बाकीचे माह्याकडे हार घातलेल्या फोटोकडे पाहावं तसे पाहतेत."

साकोलीचे शेठही आले. चिन्नोर तांदळाची पिशवी वहिनींच्या हातात दिली, खुर्चीच्या टोकावर बसले. पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "भाऊ, दुसरी स्क्रीन घ्यावं म्हणतो."

मी थक्क! अकरा वर्षांत या माणसानं दुसरी स्क्रीन घेतली नव्हती.

"पूर्ण भावात," शेठ म्हणाले. "अन् घाई नाही. पुढच्या हंगामात द्या आरामात."

विनूभाऊ भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लिहून घे, बाई. पुढचा हंगाम."

मी लिहून घेतलं. अक्षर खराब आलं.

*

कोंढ्याच्या काही शेतकऱ्यांना धान कापायचं हार्वेस्टर बुक करायचं ॲप हवं होतं. त्यांचा म्होरक्या गेल्या वर्षीच येऊन गेला होता. तेव्हा विनूभाऊंनी वीस दिवस सांगितले, मी गुणून पंचावन्न केले.

"काहून इतके? नागपूरचा एकजण वीस दिवसांत देतो म्हणते!"

"मंग घ्या ना त्याच्याकडून," मी म्हटलं. घेतलं. वर्षभरानं अर्धवट ॲप घेऊन तोच म्होरक्या विनूभाऊंच्या खाटेशी. हंगाम जवळ आला होता.

विनूभाऊंनी कोड पाहिला. म्हणाले, "बारा दिवस."

मी थांबले. ते नेहमी आकडा सांगतात आणि गुणाकार मी करते. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हात वर केला. "बाराच. लिहून दे त्याले."

माणूस गेल्यावर मी भांडले. "गुणिले दोन कुठं गेलं, भाऊ? मंडई कुठं गेली?"

"गुणाकाराले दिवस नाही माह्याजवळ आता," ते म्हणाले आणि लॅपटॉप उघडला.

अकराव्या दिवशी ॲप तयार. कसं केलं ते वहिनींना माहीत. एक हात पोटावर, एका हातानं टाइप. कोंढ्याच्या माणसानं तिथंच तीन बुकिंग करून पाहिली. सगळं चाललं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, एक विचारू? होते ना लवकर! मंग इतकी वर्षं लोकायले कायले लटकवलं तुम्ही?"

मी त्याला हाकलून दिलं. शब्दशः. चपला घालायलाही वेळ दिला नाही.

*

गेल्या सोमवारी विनूभाऊ, वहिनी आणि मी नागपूरला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर हिंदी बोलणारे, नवे बदलून आलेले, माणूस चांगला. फाईल पाहिली, नवा स्कॅन पाहिला, पेन टेबलावर ठेवलं.

विनूभाऊंनीच विचारलं. "साब, टाइम बताओ. मेरा भी येहीच धंदा है."

डॉक्टरांनी आमच्या तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "दिवाली तक," ते हळूच म्हणाले. "दिवाली तक मान के चलिए."

मग वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. त्या हिंदी कधी बोलत नाहीत. पदर नीट केला, आणि डॉक्टरांच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारलं.

"साब, इसमें मंडई पकडी क्या?"

डॉक्टरांना कळेना. ते माझ्याकडे पाहू लागले. मी दिवसभर क्लायंटना हेच समजावते, पण मी मान वळवून टेबलावरच्या पेनकडे पाहिलं.

"नाही पकडली त्यायनं," विनूभाऊ खाली मान घालून हसत म्हणाले. "पहिलाच प्रोजेक्ट दिसते."

वहिनी हसल्या नाहीत. टेबलावरचं ते पेन त्यांनी उचललं आणि डॉक्टरांच्या पुढे धरलं.

"पकडो ना, साब."