उरलेले दोन पत्ते

टेलर मास्तर पोकर खेळायचे ते फक्त बायकोशी, दुकान उघडण्याआधी, कापड बेतायच्या टेबलावर. पणाला लागायची ती बटणं. दोघांना दोन-दोन झाकले पत्ते, मध्ये दोघांचे मिळून पाच उघडायचे. माणूस पक्का हिशेबी. तीनदा खडू मारल्याशिवाय कापडाला कात्री लावायचा नाही, मग पत्त्यांना कसा सोडेल? पाच बदाम जमले की राजांची जोडीही हरते; चार जमले आणि पाचवा हवा असला, की मास्तर बाहेर उरलेले नऊ बदाम मोजत, मधली बटणं मोजत आणि सौदा महाग वाटला की मुकाट्याने पत्ते टाकून डाव सोडत.

बायकोचं सगळंच उलटं. हात अपुरा असला की तिला जोर चढायचा, बटणांची रासच पुढे सारायची. "अहो, तुम्ही घाबरलात तरी मी जिंकले आणि पत्ता आला तरी मीच. दोन वाटा आहेत मला!" मास्तर बहुतेक वेळा घाबरायचेच.

मग तिच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर वाचायची शक्यता तीनात एक. नाही केलं तर फार तर सहा महिने. मास्तरांना ते सहा महिने सोडवेनात.

"आजार काही घाबरून पत्ते टाकत नाही," ते म्हणाले. "इथे तुला एकच वाट आहे."

"एक तर आहे ना? करा सही."

त्यांनी केली.

दवाखान्यात जायच्या सकाळी एक डाव मांडला. मधले तीन पत्ते उघडले, त्यांत दोन बदाम. तिने सगळीच्या सगळी बटणं पुढे सारली. मास्तरांच्या हातात दोन राजे होते. तिला पाचवा बदाम हवाय हे त्यांनी ओळखलं. दोन पत्ते यायचे होते. शक्यता तीनात एक. तेवढ्यात दारात गाडी आली.

"आल्यावर सांगा, खेळताय की टाकताय," ती म्हणाली. "तोवर हात लावू नका."

ऑपरेशन चालू असतानाच ती गेली.

आपल्या सहीने तिचे सहा महिने गेले, हे मास्तरांना दिवसरात्र खात राहिलं. दहा दिवसांनी एक गिऱ्हाईक कापड ठेवून गेलं, तेव्हा टेबल रिकामं करणं भाग पडलं. हिशेबाने खेळायलाच हवं होतं; दोन राजे कोण टाकतं? पण मास्तरांनी तिचे पत्ते पाहिले नाहीत, उरलेले दोन्ही उघडले नाहीत. आपले राजे पालथे टाकले आणि सगळी बटणं तिच्या बाजूला सारली.

"घाबरलो बाई," ते म्हणाले. "तू जिंकलीस."